मोनाची वेणी

अनुजा : तारीख घेतली म्हणजे? कुणाला इचारून घेतलासा?

पूर्णिमा : तुला विचारायलाच इथं बसलेय. फोनवर नुसतं तेजूचं नाव घालून ठेवलंय, सोमवारचं. तू नको म्हणालीस तर काढून टाकतील.

अनुजा : म्हणजे लेकरू माझं, आणि त्याला डोक्याच्या डॉक्टरकडं कवा न्यायचं ते ठरवायचं तुमी. सकाळी मी म्हटलं, आक्का आवंदा चटणी कांडायला दोघी मिळून जाऊया म्हणाल्या, आज सूर्य कुणीकडं उगवला!

(मंगळवार पेठेतला चटणीचा डंक, म्हणजे मिरच्या कांडायची गिरणी. दारातल्या बाकावर दोघी जावा, थोरली पूर्णिमा आणि धाकटी अनुजा; पायाशी मिरच्यांची दोन घमेली. आत डंक धडधडतो आहे.)

पूर्णिमा : घरी सासूसमोर, आत्तींसमोर कसं बोलायचं? आणि त्या डोक्याच्या डॉक्टर नाहीत. लहान मुलांच्या मनाच्या आहेत.

अनुजा : मन काय पायात असतंय व्हय?

झुंबरबाई : ए बायांनो, जरा सरका की. ही पाटी ठिवू दे मला. तुमच्या म्होरं अजून कागलचं पावणं हाईत, त्यांचं झालं की तुमचं. मिरच्या कडक वाळल्यात न्हवं? ओल असली की डंक चिकाटतो, मग झुंबरबाईच्या नावानं बोंब मारायची न्हाय.

पूर्णिमा : कडक आहेत, झुंबरबाई. गच्चीवर चार उन्हं दिलीत.

झुंबरबाई : आणि ही दोन घमेली कशाला गं? एका घरची न्हवं तुमी?

अनुजा : घर एकच. चटणी दोन. आमच्यात जरा झणझणीत लागती.

झुंबरबाई : ते दिसतंयच. बरं, धाकटे, परवा पेढं धाडलंतंस ते कशाचं? नातवंडांनी फस्त केलं, पण कशाचं ते कुणी सांगंना.

अनुजा : तेजस्वीची बुद्धीची परीक्षा हुती ओ. एका सेंटरात मॅडम घेत्यात, मुद्दाम नेलतं. वयापेक्षा लई हुशार निघाली म्हणाल्या. सगळ्यात हुशार पोरांत बसती.

झुंबरबाई : आसं! म्हणजे थोरलीची मोना स्कॉलरशिपात आली आणि धाकटीची तेजू बुद्धीत. ब्येस. पण काय गं, त्या पोरीच्या भुवया कुठं गेल्या? सोड्याची पुडी न्यायला आलती, मी वळखलीच न्हाय. म्हटलं ही कुणाची पोर, कपाळावर नुसतं पटांगण.

अनुजा : उष्णता हाय तिला.

झुंबरबाई : उष्णतेनं भुवई जाती व्हय? माझं आख्खं आयुष्य ह्या मिरचीत गेलं, माझी गेली का? आलो, आलो! आतलं जळायलंय बघ.

पूर्णिमा : उष्णता?

अनुजा : मग काय सांगू? आख्खी पेठ हितं नंबर लावून बसलीया. सांगू सगळ्यांस्नी, माझी पोरगी सोताच्या भुवया सोताच उपटती म्हणून?

पूर्णिमा : सगळ्यांना नको. डॉक्टरांना सांग. संक्रांतीपासून चाललंय, अनुजा. आधी पापण्या, मग भुवया. आता कानामागचे केस. माझ्या पिठाच्या डब्याआड बसते आणि एकेक उपटून बोटावर ठेवून बघत बसते. शाळेत दिवाळीपासून तोंड उघडत नाही. हजेरीला नुसता हात वर करते, बाईंनी दोनदा बोलावून सांगितलं. आत्तींनी दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, झालं ते करून.

अनुजा : तुमच्या पिठाच्या डब्याआड. तेच म्हणतो मी. वर माझ्या खोलीत पिठाचा डबा न्हाय व्हय? तुमच्याच आड का बसती ती? पोटात दुखलं तर जिना उतरून तुमच्याकडं. सपान पडलं तर तुमच्याकडं. नऊ महिनं मी वागवली, टाकं मला पडलं, आणि हाक कुणाला? मोठीआई! लहान आई कोण मग, मी?

पूर्णिमा : पोरं म्हणतात तसं. मोना तुला काकी म्हणते, त्याचं मी काही मनावर घेतलं का?

अनुजा : तुमाला काय घ्यायचंय मनावर! तुमचं सगळं बसल्या जागी होतंय. माझ्या म्हायारनं, मुरगूडनं, गुळाची ढेप आली. ती गेली तुमच्या पुरणात, आणि सगळा गाव म्हणाला, थोरलीच्या पोळ्या काय झाल्यात! ढेपेचं नाव कुणी काढलं न्हाय. मोना पेपरात आली तवा आत्तींनी तो कागूद फ्रेम करून देव्हाऱ्याच्या वर लावला. रोज दिवा लावताना मला मोनाच्या पाया पडल्यागत वाटतंय.

पूर्णिमा : फ्रेम काढून ठेवू?

अनुजा : बघा! हेच. हेच मला सोसवत न्हाय. मी आग वकायची आणि तुमी म्हणायचं, फ्रेम काढू? काढली तर मीच वाईट ठरणार न्हवं.

पूर्णिमा : तू जरा हळू बोल.

अनुजा : डंकाच्या आवाजात कुणाला काय ऐकू येतंय! आणि माझी पोरगी हुशार निघाली परवा, तर लगेच तुमाला दुसरा डॉक्टर आठवला. आधी न्हाय आठवला. पेढं वाटल्यावर आठवला.

पूर्णिमा : त्या परीक्षेच्या आधी आठवडाभर वर काय चाललं होतं?

अनुजा : कुठं काय?

पूर्णिमा : मला खाली ऐकू यायचं. संध्याकाळी तू भाकरी थापायला उतरायच्या आधी. तेजू घोकत असायची, ‘मला छान झोप लागते. मला कशाची भीती वाटत नाही. मला शाळा आवडते. मला माझी आई खूप आवडते.’ चार दिवस मी समजत होते, शाळेचा निबंध आहे.

अनुजा : तयारी करून घ्यायची नसती व्हय? मोनाच्या स्कॉलरशिपला तुमी रोज घड्याळ लावून पेपर सोडवून घेतलासा. तवा कुणी नावं ठेवली न्हाईत, उलट कौतुक. मी केलं की गुन्हा?

पूर्णिमा : ती परीक्षा होती.

अनुजा : ही बी परीक्षाच की! मुरगूडच्या माझ्या मावसबहिणीचा पोरगा गेलता असल्याच ठिकाणी. तिनं सांगितलं, हे इचारत्यात, ते इचारत्यात. ठोकळं जुळवायला देत्यात. घर काढ म्हणत्यात, घरातली माणसं काढ म्हणत्यात. मग मी ठोकळं आणलं. चित्र काढून घेतलं रोज. घर, वर सूर्य, दारात तुळस, आणि सगळ्यांचं हात हातात. काय देखणं काढलं तिनं तिथं! मॅडम म्हणाल्या, सुखी पोरगी हाय.

पूर्णिमा : ताप मोजायच्या आधी पोराच्या काखेत कुणी बर्फ ठेवतं का गं?

अनुजा : मला म्हणी नकोत तुमच्या.

पूर्णिमा : म्हण नाही ती. त्या मॅडमची चूक नाही काही. त्यांना जे दाखवलं ते त्यांनी लिहिलं. पण पोरीला काय होतंय ते अजून कुणी बघितलेलंच नाही. एकदा नीट बघायला हवं. तिच्याशी एकटीशी बोलून, तुझ्याशी, भाऊजींशी, शाळेतल्या बाईंशी बोलून. दोन-तीन खेपा लागतात, डॉक्टर म्हणाल्या.

अनुजा : आणि मग शिक्का बसला म्हणजे? उद्या सगळी पेठ म्हणणार, थोरलीची स्कॉलर आणि धाकटीची खुळी. तुमचं काय जातंय? तुमची फ्रेम अजून चकाकंल.

पूर्णिमा : असं वाटतं तुला? खरंच?

अनुजा : ...न्हाय. पण तोंडात येतंय. काय करू? सारखं येतंय.

झुंबरबाई : पावण्यांचं चाळायला घेतलंय गं! आता तुमचंच. खोबरं भाजलेलं हाय न्हवं? का कच्चंच आणलंय?

पूर्णिमा : भाजलंय, झुंबरबाई. तिळाच्या पुडीखाली आहे.

झुंबरबाई : आणि तुमची मोना काल शेजारनं गेली. पोराचा कट केलाय की तिचा! एवढी ढुंगणापतोर येणी हुती, कशी काय कापली?

पूर्णिमा : उन्हाळा आहे. घाम यायचा मानेवर.

झुंबरबाई : उन्हाळा दरसाली येतोय. बरं, असू दे.

अनुजा : बघा. परत सांगितलासा.

पूर्णिमा : काय?

अनुजा : उन्हाळा. माझ्या पोरीनं तुमच्या पोरीची येणी झोपेत कात्रीनं कापली, मुळापासनं. आणि तुमी काय केलासा? सकाळी मोनाला पार्लरात नेलासा, उरलेलं सारखं करून आणलासा, आणि गल्लीत सांगत सुटलासा, उन्हाळा हाय. माझ्या तोंडावर एक शब्द टाकला न्हाईसा. आक्का, तुमी दोन शिव्या द्यायला पायजे हुत्या मला. झिंज्या धरायच्या माझ्या. मी बी धरल्या असत्या, फिटाफीट झाली असती. त्या दिसापासनं मला वर तोंड करून बघवत न्हाय तुमच्याकडं. चांगुलपणात बी तुमी माझ्या म्होरं!

पूर्णिमा : मला राग आला नाही, असं कोण म्हणालं?

अनुजा : दिसला न्हाय.

पूर्णिमा : ती वेणी मी कपाटात ठेवलीय, साडीच्या घडीत. सात वर्षं तेल लावून वाढवलेली. त्या सकाळी तेजू कात्री घेऊन पलंगाशीच उभी होती. मी हात उचलला होता तिच्यावर. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली... राहू दे.

अनुजा : काय म्हणाली?

पूर्णिमा : राहू दे, अनुजा.

अनुजा : तुमाला सांगितलं न्हवं तिनं? मला तर सांगत न्हाय. मग तुमी तरी सांगा.

पूर्णिमा : म्हणाली, ‘आता मम्मी म्हणणार नाही ना, मोनाताईची वेणी बघ?’

(अनुजा पदर तोंडाला लावते.)

पूर्णिमा : हे घे, पाणी पी. इथला ठसका वाईट.

अनुजा : ठसका न्हाय लागला मला.

पूर्णिमा : बरं.

अनुजा : सकाळी येणी घालताना पाढं घेतो मी तिचं. स्पेलिंगं घेतो. बसल्या जागी दोन कामं होत्यात. चुकली की जरा फणी वढली जाती हातनं. आणि तोंडातनं जातंय. मोनाची येणी बघ. मोनाचं अक्षर बघ. माझ्या आईनं बी मला असंच वाढवलं. मी काय भुवया उपटल्या न्हाईत.

पूर्णिमा : तुझ्यामुळंच झालं असं मी म्हणत नाही. आपण दोघींनी इथं घमेल्याशी बसून निकाल द्यायचा नाही. कशामुळं, ते बघायला डॉक्टर आहेत. तुझ्यामुळं असेल, नसेल, शाळेतलं काही असेल, तिच्या अंगातलंच काही असेल. पण त्यांच्यापुढं खरं तर जायला हवं.

अनुजा : ते चित्र... पहिल्यांदा तिनं घर काढलंच न्हवतं.

पूर्णिमा : मग काय काढलं होतं?

अनुजा : जिना. आमचाच. खाली तुमी, मोना, आत्ती, सगळी बारकी बारकी. आणि वर एक बाई, ही मोठी. हातात फणी. तोंडच न्हवतं काढलं तिला. मी म्हटलं, ‘हे कसलं भूत काढलंस? खोड.’ आणि खोडरबर दिला हातात.

पूर्णिमा : खोडलं तिनं?

अनुजा : लगेच. शानी पोरगी. फुंकर मारून कागूद साफ केला आणि म्हणाली, ‘सांग मम्मी, कुठं काढू सूर्य?’

पूर्णिमा : मीही एक सांगते. मग तुला शिव्या द्यायच्या तर दे. संक्रांतीला मी पहिल्यांदा तिच्या पापण्या बघितल्या. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

अनुजा : का?

पूर्णिमा : बरं वाटायचं मला. ती तुझ्याकडं न जाता माझ्याकडं येते म्हणून. मोना आता मोठी झाली, मांडीवर डोकं ठेवत नाही. आणि तू माहेरी निघालीस की मुरगूडहून दारात गाडी येते. माझ्या माहेरच्या, गगनबावड्याच्या घराला कुलूप आहे, पावसात भिंतही पडली परसातली. म्हटलं, हे एवढं लेकरू तरी माझ्याकडं धावतंय. तुला सांगितलं असतं, तर तू तिला वरच ठेवून घेतली असतीस.

अनुजा : म्हणजे मी खुळी न्हवतो.

पूर्णिमा : नव्हतीस.

अनुजा : इतकं महिनं मला वाटायचं, ही माझं लेकरू वडून घ्यालीया. आणि मग मीच सोताला शिव्या द्यायचो, एवढ्या चांगल्या बाईबद्दल कसलं वंगाळ मनात येतंय म्हणून. आणि तुमी खरंच वडून घेत हुतासा!

पूर्णिमा : थोडंसं.

अनुजा : थोडंसं म्हणं! आक्का, खरं सांगू? लई राग आलाय मला तुमचा. आणि लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा तुमच्याशेजारी बसल्यागत बी वाटायलंय.

झुंबरबाई : चला गं, उठा! कुणाचं आधी? का दोन्ही एकदम घालू? येळ वाचंल माझा.

अनुजा : न्हाय, न्हाय. येगळंच घाला. आधी त्यांचं. नंबर त्यांचा हाय.

झुंबरबाई : रडलीस काय गं?

अनुजा : तुमच्या डंकाजवळ बसून हसायचं व्हय?

झुंबरबाई : तेबी खरंच. आण हिकडं घमेलं.

पूर्णिमा : काल रात्री तेजूनं मला एक विचारलं. माझं आणि ह्यांचं बोलणं तिनं ऐकलं असावं. म्हणाली, ‘मोठीआई, नवीन डॉक्टरांना काय सांगायचं? मम्मीनं शिकवलेलं म्हणू, का दुसरं?’

अनुजा : दुसरं म्हणजे?

पूर्णिमा : ते मी नाही विचारलं. ते त्यांनाच विचारू दे.

अनुजा : मग काय सांगितलासा?

पूर्णिमा : म्हटलं, मम्मीला विचार. ती सांगेल तसं.

अनुजा : आता माझ्यावर टाकलासा व्हय? ...बरोबर हाय. माझं मीच पाठ करून घेतलंय, मीच सोडवायला पायजे. सांगतो तिला आज. म्हणतो, ते सगळं इसर, वाटंल ते बोल. माझ्याबद्दल वाटंल ते बोल. पण इश्वास बसंल का तिचा? तिला वाटंल, ही बी नवीन तयारीच.

पूर्णिमा : वाटेल. एकदम नाही बसायचा विश्वास.

अनुजा : सोमवारी किती वाजता?

पूर्णिमा : अकराला. आधी आईला आत बोलावतात. मग पोरीला एकटीला. भाऊजींना पुढच्या खेपेला.

अनुजा : त्यांस्नी मी आणतो, कान धरून. ते म्हणत्यात, मोठी झाली की सुटंल. आणि मला काय काय इचारतील?

पूर्णिमा : झोप कशी आहे. खाते काय. कधीपासून केस उपटते. आधीच्या परीक्षेचं सांगावं लागेल, पाठ करून घेतलेलं.

अनुजा : पेढ्याचं बी?

पूर्णिमा : पेढ्यांचं राहू दे.

अनुजा : अजून?

पूर्णिमा : कशाला भिते, ते विचारतील.

अनुजा : बघा. झोपेचं तुमाला ठावं. केसांचं तुमाला ठावं. मी तिथं बसून काय सांगू, सतरा नव्वं किती ते? तुमी या आत माझ्यासंगं.

पूर्णिमा : आई तू आहेस.

अनुजा : ते मला ठावं हाय, तुमी सांगायला नगो. आई म्हणून मीच बोलणार. जिथं अडलं तिथं तुमी बोलायचं. आणि जास्त बोलायचं न्हाय. डॉक्टरला वाटायला नगो, तुमीच आई म्हणून.

पूर्णिमा : बरं बाई. मोनाला घरी ठेवू?

अनुजा : तिलाबी घ्या. तेजूला एकटीला आत बोलावल्यावर मी भाईर बसून काय करू? दाराकडं बघून जीव जाईल माझा. मोनाला जवळ घेतो, भांग पाडून देतो तिचा. केस बारकं असलं म्हणून काय झालं, भांग पडतोय की.

पूर्णिमा : पडतो. तेलाची बाटली आणि तुझी फणी पिशवीत टाक आठवणीनं.

अनुजा : तेल आणतो. फणी तुमची घ्या, आक्का. माझी बघितली की तेजू खांदं वर घेती.